ताण मेंदूत कुठे जातो?

1960च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कमध्ये, ईस्ट रिव्हरच्या काठावरच्या रॉकफेलर विद्यापीठात, उंदरांवर एक प्रयोग चालू होता. या उंदरांच्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी शस्त्रक्रियेने काढून टाकल्या होत्या. संकटाच्या वेळी या ग्रंथींतून कॉर्टिकोस्टेरॉन नावाचं संप्रेरक रक्तात येतं. माणसात हेच काम कॉर्टिसॉल करतं. ग्रंथीच नसल्यामुळे उंदरांच्या अंगात स्वतःचं कॉर्टिकोस्टेरॉन उरलेलं नव्हतं. मग त्यांना किरणोत्सारी खूण केलेलं कॉर्टिकोस्टेरॉन टोचायचं, काही वेळाने मेंदूचे भाग वेगळे करायचे आणि ते कोणत्या भागात टिकून राहिलं हे मोजायचं, अशी पद्धत होती.

प्रयोग करणाऱ्यांची अपेक्षा हायपोथॅलॅमसकडे होती. मेंदूच्या तळाशी असलेला हा छोटा भाग पियुषिका ग्रंथीला आज्ञा देतो, पियुषिका अधिवृक्क ग्रंथींना जागं करते, हे तेव्हा माहीत झालेलं होतं. आज्ञा जिथून निघते तिथेच संप्रेरकाची पोच मिळत असणार, हा तर्क सरळ होता. प्रत्यक्षात खूण सर्वाधिक सापडली ती हिप्पोकॅम्पसमध्ये. 1968 साली ‘नेचर’ या नियतकालिकात हा निष्कर्ष छापून आला. ब्रूस मॅकईवन, जे वाइस आणि लेस्ली श्वार्ट्‌झ असे तिघे लेखक होते. मॅकईवन तेव्हा तिशीचे होते. पुढची पन्नासहून अधिक वर्षं त्यांनी या एका निष्कर्षाचा अर्थ शोधण्यात घालवली.

त्याआधी ताणाचा अभ्यास होत नव्हता असं नाही. हान्स सेल्ये यांनी 1936 साली माँट्रिआलहून ‘नेचर’ला एक छोटं पत्र पाठवलं होतं. उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा, अतिश्रम करायला लावा किंवा विषारी द्रव्य टोचा; इजा कोणतीही असली तरी शरीरात तेच तीन बदल दिसतात, असं त्यांनी मांडलं. अधिवृक्क ग्रंथी फुगतात, थायमस ग्रंथी आक्रसते, जठरात व्रण पडतात. ताणाचं आधुनिक शास्त्र इथून सुरू झालं. पण सेल्ये यांचं सारं लक्ष गळ्याखालच्या शरीराकडे होतं. पुढे इंग्लंडमध्ये जेफ्री हॅरिस यांनी हायपोथॅलॅमस आणि पियुषिका यांचं नातं उलगडलं, तेव्हा मेंदूलाही या कथेत जागा मिळाली. पण ती हुकूम सोडणाऱ्या वरिष्ठाची. हुकूम खाली जातो, शरीर तो पाळतं. शरीराकडून निघालेलं रसायन वर चढून मेंदूच्या विचार करणाऱ्या, आठवण ठेवणाऱ्या भागात काही घडवत असेल, ही कल्पना त्या चित्रात बसत नव्हती.

आणि हिप्पोकॅम्पस हा तर आठवणींचाच भाग. 1953 साली अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात अपस्माराच्या एका तरुण रुग्णाच्या मेंदूतून दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला आणि त्याला नवी आठवण धरून ठेवता येईनाशी झाली. शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल आणि मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी 1957 साली त्याची नोंद प्रसिद्ध केली. म्हणजे मॅकईवन यांचा प्रयोग झाला तेव्हा हिप्पोकॅम्पसचं स्मृतीशी असलेलं नातं कळून जेमतेम दशक लोटलं होतं. त्याच जागी ताणाचं संप्रेरक का साठून राहावं?

हा प्रश्न पडण्यासाठी जी तयारी लागते ती मॅकईवन यांच्याकडे वेगळ्याच वाटेने आली होती. जन्म 1938चा, कोलोराडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स गावचा. ओबर्लिन कॉलेजातून 1959 साली रसायनशास्त्राची पदवी घेऊन ते रॉकफेलरमध्ये आले. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते आल्फ्रेड मिर्स्की आणि व्हिन्सेंट ऑल्फ्री. पेशीच्या केंद्रकात डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर ही प्रयोगशाळा काम करत होती. हिस्टोनवर छोटे रासायनिक गट जोडले गेले की जनुकाचं काम बदलतं, हे या गटाने 1964 साली मांडलं. मॅकईवन यांची पीएच.डी. त्याच वर्षीची. जनुकं जन्मतः ठरलेली असली तरी त्यांचं चालू-बंद होणं आयुष्यभर सुरू असतं, हा विचार त्यांना विद्यार्थिदशेतच मिळाला. पुढे स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात होल्गर हिडेन यांच्याकडे ते चेतापेशींचं रसायनशास्त्र शिकले. मिनेसोटात थोडा काळ शिकवलं. तेवढ्यात मानसशास्त्रज्ञ नील मिलर येल सोडून रॉकफेलरमध्ये आले आणि 1966 साली मॅकईवन त्यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले.

भोवती वर्तनाचा अभ्यास करणारी माणसं, आणि त्यांच्यात हा पेशीच्या केंद्रकाची भाषा येणारा रसायनज्ञ. स्टेरॉइड जातीची संप्रेरकं पेशीत शिरून जनुकांवर परिणाम करतात हे तेव्हा नव्यानेच कळू लागलं होतं. म्हणून हिप्पोकॅम्पसमधली ती खूण पाहिल्यावर मॅकईवन यांना दिसलं ते असं: इथे संप्रेरक ओळखणारे ग्राहक आहेत, म्हणजे ताण थेट चेतापेशींच्या जनुकांपर्यंत पोचतो आहे. दुसऱ्या कुणाला कदाचित तो मोजणीतला एक विचित्र आकडा वाटला असता. माझ्या मते या माणसाचं सगळ्यात मोठं कर्तृत्व इथे आहे. नंतरचं सारं या ओळखीतून निघालं.

1970चं दशक ग्राहक शोधण्यात, मोजण्यात, वेगळे करण्यात गेलं. नेदरलँड्सहून आलेले रॉन द क्लूट याच प्रयोगशाळेत काम करून गेले. कॉर्टिकोस्टेरॉनला मेंदूत एक नव्हे, दोन प्रकारचे ग्राहक आहेत हे त्यांच्या गटाने पुढे 1985 साली दाखवलं. काम संथ, किचकट आणि बाहेरच्या जगाला न दिसणारं होतं.

मग रॉबर्ट सापोल्स्की आले. हा तरुण वर्षातला काही काळ केनियाच्या गवताळ रानात बबून माकडांचा मागोवा घेत असे आणि उरलेला काळ मॅनहॅटनच्या प्रयोगशाळेत उंदरांचे मेंदू तपासत असे. 1984 साली त्याने मॅकईवन यांच्याकडे पीएच.डी. पूर्ण केली. 1986 साली सापोल्स्की, लुइस क्रे आणि मॅकईवन यांनी एक गंभीर सिद्धान्त मांडला. ताणाची संप्रेरकं आवरायला जो लगाम लागतो त्यातला एक हिप्पोकॅम्पसच्या हाती असतो. वर्षानुवर्षं संप्रेरकाचा मारा होत राहिला की हिप्पोकॅम्पसच्या पेशी मरतात. पेशी मेल्या की लगाम सुटतो. लगाम सुटला की संप्रेरक आणखी वाढतं. म्हातारपणाची घसरण या चक्रातून होते, असं त्यांचं म्हणणं होतं. सिद्धान्त प्रभावी होता आणि त्यातून निघणारं भविष्य काळंकुट्ट होतं. मेलेली चेतापेशी परत येत नाही, हे तेव्हा जवळजवळ सगळेच मानत होते.

या निराशेतून वाट निघाली ती त्याच प्रयोगशाळेत, आणि तीही एका फार जुन्या तंत्रातून. इटलीच्या कामिलो गोल्जी यांनी 1873 साली शोधलेल्या रंजनपद्धतीत मेंदूच्या पातळ कापातल्या मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण ज्या होतात त्या मुळापासून शेंड्यापर्यंत दिसतात. झाडाला असाव्यात तशा चेतापेशीला फांद्या असतात आणि फांद्यांवर बारीक काटे. दुसऱ्या पेशींचे निरोप या काट्यांवर येऊन पोचतात. एलिझाबेथ गूल्ड आणि कॅथरीन वूली या दोन तरुण संशोधिकांनी हे काटे मोजायला घेतले. 1990 साली त्यांनी दाखवलं की मादी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसच्या एका भागात काट्यांची घनता त्यांच्या चार-पाच दिवसांच्या ऋतुचक्राबरोबर सुमारे 30 टक्क्यांनी खालीवर होते. प्रौढ मेंदूची बांधणी पक्की, न बदलणारी असते या समजुतीला हा मोठा धक्का होता. दर चार-पाच दिवसांनी हजारो जोडण्या तयार होत होत्या आणि विरत होत्या, आणि त्याही निव्वळ रोजच्या जगण्याचा भाग म्हणून.

त्याच वर्षी कॉर्टिकोस्टेरॉनचीही पाळी आली. तीन आठवडे त्याची इंजेक्शनं दिलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, सीए-3 नावाच्या पट्ट्यात, पेशींच्या फांद्या आखूड झालेल्या दिसल्या. 1992 साली वातानाबे, गूल्ड आणि मॅकईवन यांनी इंजेक्शनंही बाजूला ठेवली. उंदराला रोज 6 तास हलता येणार नाही असं अडकवून ठेवायचं, 21 दिवस, बस. फांद्या तशाच आखडल्या. पेशी मात्र मेल्या नव्हत्या. अपस्मारासाठी वापरलं जाणारं फेनिटॉइन हे औषध आधी दिलं, तर फांद्या आखडतही नव्हत्या. म्हणजे संप्रेरक एकटं हे करत नव्हतं. मेंदूतलं उत्तेजक रसायन ग्लुटामेट त्याच्या जोडीला होतं.

पुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. व्हिक्टोरिया लुइन यांच्यासोबत 1994 साली केलेल्या प्रयोगात, 21 दिवस अडकवून ठेवलेले उंदीर चक्रव्यूहातली वाट लक्षात ठेवायला चुकू लागले. पण ताण थांबवून मध्ये काही दिवस जाऊ दिले, तर ती चूक उरत नव्हती. आठ वर्षांपूर्वी स्वतःच्याच सहीने मांडलेल्या मृत्यूच्या सिद्धान्तापुढे मॅकईवन आता वेगळं चित्र ठेवत होते. ताणाने मेंदूचा आकार बदलतो, आणि बहुतेक वेळा तो पुन्हा बदलू शकतो. कदाचित फांद्या आखडून घेणं ही इजा नसून पेशीने केलेला स्वतःचा बचाव असेल, असं ते म्हणू लागले. त्याला आधार मिळाला शीतनिद्रा घेणाऱ्या प्राण्यांकडून. आना मारिया मागारिन्योस आणि मॅकईवन यांनी युरोपातल्या हॅम्स्टरच्या मेंदूत पाहिलं, की थंडीत गाढ निद्रेत गेलेल्या प्राण्याच्या सीए-3 पेशींच्या फांद्या आखडतात आणि जाग येताच झपाट्याने परत वाढतात. 2006 साली हे काम प्रसिद्ध झालं. त्या हॅम्स्टरला कुणी आजारी म्हणणार नाही.

1990च्या दशकातच गूल्ड यांनी प्रौढ मेंदूत नव्या चेतापेशी जन्माला येतात आणि ताण हा जन्म रोखतो, हेही दाखवलं. जोसेफ आल्टमन यांनी 1960च्या दशकात हेच सांगितलं होतं, पण त्यांच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नव्हतं.

मादी उंदरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट समोर आली. नरांत दिसणारी ती आखडण्याची खूण तेवढाच ताण दिलेल्या माद्यांच्या त्या फांद्यांत दिसली नाही. लीसा गॅलिया आणि मॅकईवन यांचा हा शोधनिबंध 1997चा. त्या पिढीच्या बहुसंख्य प्रयोगशाळा नर उंदरांवर प्रयोग करत आणि निष्कर्ष साऱ्या मेंदूंना लावत. त्यातून बायकांच्या आजारांबद्दलचं वैद्यकाचं ज्ञान किती अपुरं राहिलं याचा हिशेब अजून पुरता झालेला नाही. मॅकईवन मात्र अखेरपर्यंत बजावत राहिले, की नर आणि मादी यांच्या मेंदूवर संप्रेरकांचा परिणाम वेगवेगळा होतो आणि तो मेंदूच्या सगळ्या भागांत होतो, केवळ प्रजननाशी संबंधित भागांत नाही.

1993 साली मॅकईवन प्रयोगशाळेबाहेर पडले, असं म्हणता येईल. एलियट स्टेलर या ज्येष्ठ सहकाऱ्याबरोबर त्यांनी ‘ॲलोस्टॅटिक लोड’ ही कल्पना मांडली. पीटर स्टर्लिंग आणि जोसेफ आयर यांनी 1988 साली ‘ॲलोस्टॅसिस’ हा शब्द वापरला होता: शरीर स्वतःला सतत बदलून स्थैर्य राखतं. धावायचं तर रक्तदाब वाढतो, झोपायचं तर उतरतो. मॅकईवन यांनी पुढचा प्रश्न विचारला, की या बदलण्याची किंमत किती? ज्या संप्रेरकांनी आज जीव वाचवला तीच रोज, विनाखंड वाहत राहिली तर रक्तवाहिन्या, चयापचय, प्रतिकारशक्ती आणि मेंदू झिजत जातात. 1998 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधल्या लेखात त्यांनी ही झीज कशी होते ते मांडलं. एकामागून एक धक्के येत राहतात. किंवा तोच धक्का पुन:पुन्हा येऊनही शरीराला त्याची सवय होत नाही. किंवा धक्का संपला तरी संप्रेरकं ओसरत नाहीत. किंवा एक यंत्रणा कमी पडते म्हणून दुसरी जास्त राबते. ताण हा शत्रू नाही, हे ते प्रत्येक ठिकाणी सांगत. कॉर्टिसॉल नसेल तर माणूस जगत नाही. ते ओसरायला फुरसत मिळाली नाही, की मग विपरीत घडतं.

टेरेसा सीमन यांनी 70 ते 79 वयाच्या अमेरिकन वृद्धांच्या एका मोठ्या अभ्यासात या झिजेचं मोजमाप केलं. रक्तदाब, कमर आणि नितंबाचं प्रमाण, कोलेस्टेरॉल, रक्तातली दीर्घ मुदतीची साखर, कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन अशी दहा मापं. ज्यांची अधिक मापं बिघडलेली, त्यांची पुढच्या वर्षांत शरीराची आणि स्मरणशक्तीची घसरण अधिक. नॅन्सी ॲडलर यांच्या पुढाकाराने चाललेल्या संशोधकांच्या गटात मॅकईवन सामील झाले, तेव्हा प्रश्न आणखी उघड झाला. गरिबी, असुरक्षित वस्ती, गोंगाट, अपुरी झोप, कामावरचा अपमान या सगळ्याची नोंद शरीर ठेवत असतं. उत्पन्नाच्या शिडीवर जितकं खाली, तितकी झीज अधिक. पेशीच्या केंद्रकापासून निघालेला हा रसायनज्ञ आता सरकारी धोरण, शाळा, घरं आणि रस्ते यांबद्दल बोलत होता. त्याला त्याबद्दल बोलण्याचा पूर्ण अधिकार होता, कारण त्याने त्या पेशींच्या आखडलेल्या फांद्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या.

माणसांच्या मेंदूतून मिळालेले पुरावे उंदरांइतके नेमके नसतात, पण ते येत राहिले. सोनिया लुपियन यांनी माँट्रिआलमध्ये, म्हणजे सेल्ये यांच्याच शहरात, काही वृद्धांचं कॉर्टिसॉल वर्षानुवर्षं मोजलं. ज्यांच्यात ते चढत गेलं होतं त्यांचा हिप्पोकॅम्पस इतरांपेक्षा सुमारे 14 टक्क्यांनी लहान होता. 1998 सालच्या त्या शोधनिबंधात मॅकईवन सहलेखक होते. 2009 साली कॉनर लिस्टन, मॅकईवन आणि बी. जे. केसी यांनी मोठ्या परीक्षेच्या तयारीत महिनाभर बुडालेल्या 20 वैद्यकीय विद्यार्थ्यांचे मेंदू स्कॅनरखाली तपासले. लक्ष एका गोष्टीवरून दुसरीकडे वळवणं त्यांना जड जात होतं आणि मेंदूच्या पुढच्या भागातल्या, प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधल्या जोडण्यांत बिघाड दिसत होता. परीक्षा संपून महिनाभर विश्रांती मिळाल्यावर दोन्ही पूर्वपदावर आलं. नीट, जेईई किंवा एमपीएससीसाठी मुलं ज्या घरांत वर्षांमागून वर्षं अभ्यासाला बसलेली आहेत, त्या घरांनी या निष्कर्षातला विश्रांतीचा महिना विसरू नये.

या कथेला जी सगळ्यात अस्वस्थ करणारी जोड मिळाली, ती भारतातून. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी, अजय व्यास, रूपशी मित्रा आणि सहकाऱ्यांनी विचारलं, की मेंदूच्या बाकीच्या भागांचं काय? 2002 साली उत्तर आलं. ज्या दीर्घ ताणाने हिप्पोकॅम्पसच्या फांद्या आखडतात, त्याच ताणाने भीतीचं केंद्र असलेल्या अमिग्डलातल्या फांद्या वाढतात. आठवण दुबळी होते आणि भीती बळावते. 2004 साली याच गटाने दाखवलं, की ताण थांबवून 21 दिवस गेले तरी अमिग्डलाची वाढ ओसरली नाही आणि उंदीर भेदरलेलेच राहिले. 2005 सालच्या शोधनिबंधात मॅकईवन स्वतः त्यांचे सहलेखक होते. त्यात एकदाच, फक्त 2 तासांचा ताण दिला होता. दुसऱ्या दिवशी अमिग्डलात काही दिसलं नाही. दहा दिवसांनी काटे वाढलेले सापडले. अपघात किंवा हल्ला होऊन गेल्यावर काही दिवसांनी दहशत का उफाळून येते, याचा एक दुवा इथे हाती लागतो. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांची प्रयोगशाळा अनेक वर्षं अशाच प्रश्नांवर काम करते आहे. पिल्लू असताना आईपासून रोज काही काळ दूर ठेवलेल्या उंदरांच्या मेंदूत सेरोटोनिन या रसायनाची यंत्रणा प्रौढपणीही बदललेली का राहते, हा त्यांतला एक प्रश्न.

मॅकईवन यांनाही शेवटच्या वर्षांत बालपणाने सर्वाधिक गुंतवून ठेवलं. त्यांच्याकडे काम करून गेलेल्या मायकल मीनी यांनी माँट्रिआलमध्ये दाखवलं होतं, की जी उंदरीण पिल्लांना भरपूर चाटते तिची पिल्लं मोठेपणी ताण लवकर शमवतात. जनुकांवर त्या मायेचे रासायनिक ठसे राहिलेले असतात. मॅकईवन यांची स्वतःची प्रयोगशाळाही ताणाने हिप्पोकॅम्पसमधल्या हिस्टोन प्रथिनांवर काय बदल होतात ते मोजू लागली. 1964 साली मिर्स्की आणि ऑल्फ्री यांच्याकडे शिकलेला विषय असा पुन्हा समोर आला, आणि रॉकफेलरमधली आल्फ्रेड मिर्स्की यांच्या नावाची प्राध्यापकीही मॅकईवन यांच्याकडेच होती. लहान मुलांच्या विकासावर काम करणाऱ्या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या परिषदेत ते सदस्य म्हणून काम करत. उपाशी, मार खाणाऱ्या, दुर्लक्षित मुलांचा मेंदू वेगळा घडतो हे त्यांनी तिथे वारंवार मांडलं. नियमित व्यायाम, पुरेशी झोप, माणसांची सोबत आणि जगण्याला काही हेतू असणं यांनी मेंदूला नवी दिशा मिळू शकते, यावर त्यांचा भर असे. ‘सगळं जसं होतं तसं होईल’ असं मात्र ते म्हणत नसत. ताणातून सावरलेला मेंदू जुन्या जागी परतत नाही, तो नव्या अवस्थेत पोचतो. त्यांच्या प्रयोगशाळेत ताणानंतर विश्रांती मिळालेल्या उंदरांची जनुकं हेच सांगत होती.

2 जानेवारी 2020 रोजी, ब्याऐंशीव्या वाढदिवसाला दोन आठवडे उरले असताना, ब्रूस मॅकईवन यांचं निधन झालं. काही आठवड्यांतच कोविडची साथ जगभर पसरली; एकाकीपणा, नोकरी जाण्याची भीती आणि मृत्यूची टांगती तलवार कोट्यवधी माणसांच्या वाट्याला एकाच वेळी आली. आपल्याकडे कुणी खचलं की ‘टेन्शन घेऊ नकोस’ असं सांगून आपण मोकळे होतो, जणू ती त्या माणसाने स्वतःहून घेतलेली वस्तू आहे. मॅकईवन यांनी आयुष्यभर जमवलेला पुरावा याच्या विरुद्ध आहे. ताण परिस्थितीतून येतो आणि पेशींत उतरतो, म्हणून तो कमी करण्याची जबाबदारी एकट्या माणसावर टाकता येत नाही. ती कामाचे तास ठरवणाऱ्या मालकाची आहे, परीक्षा आखणाऱ्या यंत्रणेची आहे, वस्तीत उजेड आणि शांतता देणाऱ्या पालिकेची आहे, आणि मुलावर हात उगारणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची आहे.